पडीक नाही

शाळेच्या हॉलमध्ये जमीन-कोर्ट भरलंय.
बॅडमिंटनचं जाळं बाजूला गुंडाळून
तीन सदस्य, एक थर्मास,
आणि टिपणं घेणारी मी,
इन्व्हर्नेसहून बस, मग बोट;
पोट अजून लाटेवरच आहे.

वहीत पहिली ओळ:
कूळ – ऑयरिक मकॉले, वय एक्क्याऐंशी.
शेत क्रमांक नऊ, चार एकर, त्यातला अर्धा खडक.
कुळाच्या कुळात कोण?
एक मुलगी, पर्थमध्ये.
स्कॉटलंडातलं पर्थ नव्हे,
ते दुसरं, उन्हाळ्यात नाताळ येतो तिथलं.

तक्रार: जमीन कसली जात नाही.
तक्रारदार, शेजारी ऊशजन, टोपी हातात फिरवतोय.
त्याच्या धाकटीला घर बांधायचंय
आणि गावात वीतभर जागा सुटलेली नाही.
त्याचंही खरं आहे.

कायदा मोठ्यानं वाचला जातो.
'कसणे' यात येतं: नांगरणं, बाग करणं,
झाडं लावणं, गुरं, कोंबड्या,
आणि मधमाश्या.
मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसतं,
या वाऱ्यात?

'वास्तव्य' म्हणजे शेतापासून बत्तीस किलोमीटरच्या आत.
'दुर्लक्ष' म्हणजे काय,
ते लव्हाळं ठरवतं:
जिथं ते गुडघ्याला लागेल तिथं माणूस फिरकला नाही
असं धरायचं.

ऑयरिकला इंग्रजी येतं,
पण जमिनीबद्दल ती त्या भाषेत बोलणार नाही.
दुभाषा दोनदा अडखळतो.
'आच्याख' म्हणतेय ती. याचा अर्थ कसणं
आणि राहणंही. कुठला घेऊ?
अध्यक्ष चष्मा काढतात.
कायद्यात ही दोन वेगवेगळी कर्तव्यं आहेत.
ती म्हणते (दुभाषा म्हणतो),
हे सुटं करता येतं, मला नव्हतं माहीत.

जेवणानंतर रबरी बूट घालून
कोर्ट शेतावर जातं.
पावसानं उभं राहू दिलं तेवढं पाहून घेतो:
लव्हाळं आहे. भरपूर आहे.
पण भिंतीच्या आडोशाला एक वाफा,
समुद्राचं शेवाळ घालून उंच केलेला,
त्यात काळपट हिरवा बटाट्याचा पाला.

कोंबड्या किती?
सहा.
पाच दिसतात.
सहावी तुमच्या गाडीखाली आहे.

नवरा?
ती कुंपणापलीकडच्या दगडांकडं बोट करते.
तिथं राहतो.
दुभाषा क्रियापद बदलत नाही.
मी लिहिते: वास्तव्य, चारशे पावलं.
मग खोडते.

आणि हा वाफा कुणी केला?
शेवाळाचं ओझं या वयात?
ती काही बोलत नाही.
ऊशजनच्या कानशिलांवर लाली चढते.
मीच आणतो, तो म्हणतो, दर मार्चमध्ये.
तिला उचलवत नाही.
तुम्ही? तक्रारदार?
तक्रार जमिनीची आहे, तो म्हणतो,
तिची नाही.

मोबदला?
अंडी.
अध्यक्ष पुस्तक चाळतात. वारा त्यांच्या आधी चाळतो.
अंडी ही मजुरी धरायची,
की पिकाचा वाटा?
शेवाळ वाहणारा तिचा गडी,
तिचा पोटकूळ,
की यातला कुणीच नाही?
एक सदस्य हळूच विचारतात,
शेजाऱ्याची व्याख्या कुठं आहे?
अनुक्रमणिकेत नाही.

निकाल राखून ठेवलाय. पोस्टानं येईल.
वहीवर चिखलाचा एक ठिपका पडलाय,
'कूळ' या शब्दाच्या नेमका काना-मात्रा लागावा तिथं.
पुसला नाही.

गाडी निघाली तेव्हा मागं वळून पाहिलं.
फाटकापाशी ती दोघं,
ती बोट नाचवत रागानं काहीतरी बोलतेय,
तो खाली वाकून
कोंबड्या मोजतोय.