हप्ता क्रमांक सत्तेचाळीस

मार्लो काउंटीच्या खजिना खात्यात
दर सहा महिन्यांनी मी एक ओळ लिहिते:
स्टेडियम रोखे, मुद्दल इतकं, व्याज इतकं.
मालमत्तेच्या रकान्यात आडवी रेघ.
पाडून अठरा वर्षं झाली त्याला.
खिडकीतून दिसतं ते पार्किंग,
पलीकडे ओहायो नदी, आणि कोळशाचे बार्ज
ढकलत नेणारी एक दमलेली बोट.

वेंडेल प्रॉक्टर घरपट्टी भरायला स्वतः येतो.
वय ब्याऐंशी. उजव्या हाताचं एक बोट अर्धं.
"ते तिसऱ्या रुळात राहिलं," पहिल्याच भेटीत म्हणाला,
छत्री विसरल्यासारखं.

रविवारी फुटबॉल, मंगळवारी बेसबॉल,
मधल्या दिवशी कुणाचं प्रवचन, ट्रॅक्टरांची शर्यत,
एकदा तर सर्कशीचे चार हत्ती.
काँक्रीटचं गोल भांडं,
कुठल्याच खेळाला अंगाबरोबर न बसणारं.
मी त्याला आमच्याकडची म्हण सांगितली:
एक ना धड, भाराभर चिंध्या.
त्यानं तीनदा म्हणवून घेतली
आणि पावतीच्या पाठीवर त्याच्या अक्षरांत उतरवली.

त्याची टोळी रात्री अकराला आत शिरायची.
आठ हजार खुर्च्या रुळांवरून ढकलत
पूर्वेकडून उत्तरेला.
पिचरचा उंचवटा झाकणासारखा खाली उतरवायचा,
प्लास्टिकच्या गवताच्या पट्ट्या
रजईच्या खोळीसारख्या चेन लावून जोडायच्या.
फुटबॉलच्या रेषा कितीही घासल्या तरी उरायच्याच,
पाटीवर कालचं गणित उरतं तशा.
पहाटे पाचला थंड हॉटडॉग, आणि घरी.
दुपारी येणाऱ्या पन्नास हजार माणसांना वाटायचं
मैदान आपोआप बदलतं.

शहाण्णव साली छत गळायला लागलं.
काउंटीनं तीस वर्षांचं कर्ज काढलं,
छतासाठी थोडं,
श्रीमंतांच्या काचेच्या खोल्यांसाठी बरंच.
पाच वर्षांत दोन्ही संघ म्हणाले,
आम्हाला आपापलं वेगळं घर हवं.
भावाभावांच्या वाटणीत होतं तेच झालं:
चूल वेगळी झाली, देणं सामाईक राहिलं.

रोख्यांचे जुने कागद शोधताना
मला सहासष्टची फाइल सापडली, दोरीनं बांधलेली.
संपादित जमीन: एकशे बारा घरं, दोन चर्च,
एक बर्फाचा कारखाना.
चौसष्टावी नोंद:
प्रॉक्टर, आयडा. लाकडी, दुमजली.
मोबदला सात हजार चारशे डॉलर.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा विचारलं.
"आई," म्हणाला.
"थर्ड बेसच्या जरा मागे तिचं स्वयंपाकघर.
एकतीस वर्षं त्याच्यावरून खुर्च्या ढकलल्या मी.
तिथे आलं की हळू.
पोरं विचारायची, वेंडेल, रूळ खराब आहे का?
मी म्हणायचो, हो.
दोनदा दुरुस्तीला माणूस आला.
त्याला काही सापडलं नाही."

ज्या रविवारी सकाळी सुरुंग लावून ते पाडलं,
लोक पुलावर कॉफी घेऊन उभे होते.
एकोणीस सेकंद. मग धूळ, मग टाळ्या.
वेंडेल घरीच होता.
फडताळातल्या बशा वाजल्या, त्यावरून त्याला कळलं.

आज त्यानं विचारलं,
"माझ्या पट्टीत त्या कर्जाचे किती?"
मी हिशेब केला. अकरा डॉलर चाळीस सेंट.
एवढे त्यानं पाकिटातून वेगळे काढले,
नोटांच्या घड्या अर्ध्या बोटानं सरळ केल्या
आणि वेगळी पावती मागितली.
तसा नियम नाही. मी दिली.
"कशाबद्दल" या रकान्यापाशी
पेन बराच वेळ थांबलं.

संध्याकाळी जुना नकाशा घेऊन पार्किंगमध्ये गेले.
पावलं मोजली, दोनदा चुकले.
रांग क, जागा चौदा,
जिथे सहा वर्षं मी माझी गाडी लावत आले.
आता नाही लावत.
दुसरं कुणीतरी लावतं.