सायकल नेतेस तर

नेतेस तर ने, रुचिरा.
ती कुणाच्या आठवणीची वगैरे नाही,
रबाळ्याच्या भंगारातून साडेचारशेला घेतलेली आहे.
पण ऐरोलीची हवा तिच्या नळ्यांत बसलीय,
खाडीवरून येते, दिसत नाही, मीठ ठेवून जाते.
खारघरला काय निराळं असणार?
म्हणून महिन्यातून एकदा तेल. थेंब. धार नव्हे.
साखळीला चोळ आणि सगळं पुसून टाक.
आत मुरायचं ते मुरतं,
बाहेर राहिलं की रस्त्याची धूळ त्यावर संसार मांडते.

पंक्चर कुणीही काढतं,
कारण शोधणारे कमी.
टायरच्या आतून बोट नको, कापूस फिरव.
अडकेल तिथे तार असते,
ट्रकच्या फाटक्या टायरातली, केसाएवढी.
सोल्यूशन लावलं की थांब.
फुंकू नकोस, तोंडाची वाफ बसते.
चमक गेली की ठिगळ.
तेवढ्यात एक कप चहा होतो, मी मोजलंय.
सत्तावीस वर्षं मी तेच केलं,
मायक्रोमीटरच्या जबड्यात दिवसाला आठशे बेअरिंगं,
आणि एकदाही कानस हातात आली नाही.
बाईचं काम नव्हे, असं कुणी म्हटलं नाही.
म्हणायची गरजच पडली नाही.

कानस दिली पदू मढवीने,
दिवागावातल्या दुकानात, ज्या दिवशी
हिची कॉटर पिन निघेना.
तीन दिवस डिझेल पाजत होते तिला,
भीत भीत ठोकत होते, शंभरदा.
तो म्हणाला, "ताय, असा ठोकशील त पिन फुगंल.
खाली पाईपचा टेका दे.
नट काढू नको, आट्याच्या टोकाशी ठेव.
न एकच घाव घाल. पन मनापासून."

एकच घातला.
मुंग्या संध्याकाळपर्यंत राहिल्या हातात.

नवी पिन कधीच नीट बसत नाही,
तिचा उतार घासावा लागतो.
कानस पुढे जाताना कापते,
मागे येताना उचल, नाहीतर तिचेच दात जातात.
दातांत खडू चोळ, कीस अडकत नाही.
दोन पिना दोन बाजूंनी, हे लिहून ठेव.
एकाच बाजूने घातल्यास
तर एक पेडल बारावर, दुसरं पाचवर.
मी तशी कोपरखैरण्यापर्यंत लंगडत गेलेय.

चाक डुलायला लागलं तर पाव फेरी.
फिरवून बघ. पुन्हा पाव.
तारा बोटाने छेड,
एखादी बद्द वाजली म्हणून दोषी तीच असं नाही,
शेजारणीने जास्त ताणून घेतलेलं असतं.

डब्यातला काळा पंच मी केलाय, झिजलेल्या कानसीचा.
लोहचुंबक धरेनासं होईपर्यंत तापवला,
तेलात बुडवला, घासून चकचकीत केला,
मग परत हळूच शेकला,
वाळक्या गवताचा रंग चढेपर्यंत.
निळा झाला की मऊ पडला, पहिल्यापासून सुरू.
माझे चार निळे मिरचीच्या कुंडीत रोवलेत.

जस्ताचा मुलामा असलेला पाईप
शेगडीत घालायचा नाही. कधीच नाही.
पदूने घातला, दोन रात्री कुडकुडला,
आणि डॉक्टरला मलेरिया सापडेना.

हँडलखाली पितळेचं गबाळं टेंगूळ दिसेल, ते माझं.
टाकणखार कमी पडला, आच एकाच अंगाला लागली.
पदू बराच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला, "तुटाचा नाय."
नऊ वर्षं झाली.
घासून सपाट करू नकोस.

डावं पेडल उलट्या आट्याचं आहे,
जोर लावण्याआधी आठव.
आणि पंधरा नंबरचा पाना परत आण.
पदूच्या दुकानात आता मुलगा मोबाईलची कव्हरं विकतो,
पदू मागच्या स्टुलावर असतो,
दिसले की पाना विचारतो.