इतर

रॉदरहॅमच्या वेशीवर, मोठ्या गोल चौकापाशी,
कौन्सिलची पिवळी जाकिटं घालून
सकाळी सातपासून बसलोय आम्ही दोघं
घडीच्या खुर्च्यांवर.
मांडीवर पाटी, पाटीवर कागद,
कागदावर चार रकाने :
फोन. सिगारेट. खाणंपिणं. इतर.
दिसलं की एक रेघ. पाचवी आडवी.
मिरजेला आई दाराच्या चौकटीवर
दुधाच्या रतिबाच्या रेघा ओढायची, तशाच.
तिचा हिशोब महिनाअखेर मिटायचा.

आमचे आकडे वर जाणार आहेत.
वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगितलं नाही.
फोनला बंदी आहेच,
पोर गाडीत असेल तर सिगारेटलाही.
एकट्यानं, काच खाली करून, आपल्याच गाडीत ओढावी का,
एवढंच म्हणे ठरायचं राहिलंय.

"सिगारेटनंच जागं ठेवलं मला,"
क्लिफ थॅकरे म्हणतो. चौतीस वर्षं लॉरी,
हलच्या बंदरापासून लिव्हरपूलपर्यंत, रात्रीची.
"उद्या म्हणतील, शिंकायचं असेल तर गाडी बाजूला घ्या."
मी म्हणते, सीटबेल्टलाही लोक असंच हसले असतील.
"हसलो ना," तो म्हणतो. "मीच."

आम्हाला पाहून लोक फोन खाली सारतात,
बाकाखाली चिंच लपवणाऱ्या पोरांसारखे.
चौक ओलांडला की परत कानाला.
म्हणजे कायदा हे एक पिवळं जाकीट,
पन्नास पावलांपुरतं.
पण त्या पन्नास पावलांतच
झेब्रा क्रॉसिंग आहे, आणि त्यावरून आत्ता
एक मुलगी ट्रंपेटची पेटी सावरत चाललीय.

'इतर'पुढे काय ते लिहायचं, असा नियम.
आठ चाळीस : आरसा, लिपस्टिक.
आठ बावन्न : मांडीवर कुत्रं, पुढचे पाय स्टिअरिंगवर.
नऊ चार : रिकाम्या सीटशी तावातावानं भांडण.
नऊ अकरा : एक बाई. रडतेय.
बेल्ट लावलेला, वेग बेताचा,
हात दहा वाजून दहा मिनिटांवर,
पुस्तकात काढलेले असतात तसे.
पेन्सिल रकान्यावर टेकली आणि तिथंच थांबली.
"ते नको मोजूस," क्लिफ म्हणाला.
का?
"दंड किती लावतील त्याला?"

मग थर्मास उघडला. पाऊस नव्हता, नुसतं दमट धुकं,
चहाच्या वाफेत मिसळणारं.
तो माझ्याकडे न बघता बोलला :
"सत्याऐंशी साल. डोंगरातला रस्ता. निखारा मांडीवर पडला.
खाली बघितलं मी."
किती वेळ?
"तू एक रेघ ओढतेस ना, तेवढा."
मी गप्प.
"वर बघितलं तर सायकलचं एक चाक
रस्त्यावर आडवं, फिरत होतं. नुसतंच."
आणि?
"आणि चहा गार होतोय तुझा."

पुन्हा मोजायला बसलो.
मी विचारलं नाही, तेव्हापासून सोडलीस का.
त्याच्या जाकिटाला वास होता अजून,
जुना की ताजा, कळेना.

एक वाजता कागद गोळा केले.
माझ्या रेघा तिरक्या, काही पुसट.
त्याच्या सिगारेटच्या रकान्यातल्या
इतक्या दाबून ओढलेल्या, की खालच्या कोऱ्या कागदावरही
उमटल्या होत्या सगळ्या, शिसं नसताना.
बोट फिरवलं तर लागत होत्या.
तो कोरा कागद मी वर पाठवला नाही.
घडी करून पर्समध्ये ठेवला.

घरी जाताना माझं वळण चुकलं.
फोन डिकीत होता.
दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.