मळकं मीठ

तीन हंगाम घरकार म्हणत होते,
मीठ मळकं उतरतंय.
आगरवाड्याच्या बांधावर उभे, कपाळावर आडवा हात,
ओरडायचे: चिखल वर घेतोस मस्तप्पा, फळी दाबतोस.
मस्तप्पा अंकोल्याचा. वीस वर्षं आमच्या आगरात.
त्यानं ओंजळ पुढे केली. बघा तरी.
त्यांनी बघितलं.
म्हणाले, मळकं.
मार्चमध्ये त्याचा हिशेब केला, कारवारच्या बसमध्ये बसवून दिलं.

रात्री मोपाच्या रस्त्यावरच्या दिव्यांना मिशा फुटायच्या, म्हणत.
चष्म्याचा नंबर दोनदा बदलला;
तिसऱ्यांदा पेडण्याचा चष्मेवाला पैसे घेईना.
शेजारच्या सत्यभामेनं मध दिला, डोळ्यात घाला म्हणून.
सकाळी डोळा कोकमासारखा लाल.

मग म्हापशाचं इस्पितळ.
बाहुली मोठी करायचे थेंब, तासभर बाकावर,
दुपार एवढी पांढरी की हे खिडकीकडे पाठ करून बसले.
डॉक्टरीण काणकोणची, पोरसवदा, मोजकं बोलणारी:
डोळ्यात एक भिंग असतं, बाहुलीच्या मागे. तेच गढूळ झालंय.
वर आलेला पडदा नव्हे, खरवडून निघायला.
थेंबांनी विरघळत नाही. मधानं तर नाहीच.
चष्मा, मोठा दिवा, ही थोड्या दिवसांची सोय.
नंतर ते भिंग काढायचं, दुसरं बसवायचं.

हे म्हणाले, पिकला नसेल अजून. पिकू दे.
त्यांना पिकण्यातलं कळतं:
तापोवणीत पाणी किती दिवस, वाफ्यात किती,
साय कधी धरते, खडा कधी.
आधी हात घातला तर नुसता चिखल.
ती हसली नाही. तो जुना काळ, म्हणाली.
थांबत गेलात तर खरंच खडा होतो,
मशीननं फुटायला कठीण, मग चीर मोठी घ्यावी लागते.
तीही वाईट नव्हे, बरं व्हायला थोडा वेळ जास्त.
तुमचा अजून फुटेल. घाई नाही.
काम अडतंय का, ते तुम्ही सांगा.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं,
म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला.

मग भिंगांचं बोलणं.
एक लांबचं, एक जवळचं, एक दोन्हीचं, महाग,
त्यात रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात.
कडी आहेतच, म्हणाले, पैसे देऊन कशाला.
लांबचं द्या. बांधावरून मानशीची फळी दिसली पाहिजे,
भरती आत शिरते ती.
जवळचं मला हाताला कळतं.
मी जवळच बसले होते.
जवळच्यासाठी चष्मा लागेल हां, डॉक्टरीण म्हणाली.
मी म्हटलं, तो मी शोधून देईन.

सोमवारी डावा डोळा. वीस मिनिटं.
भुंगा कोंडल्यासारखा आवाज, म्हणाले, आणि रंग,
निळे, गुलाबी, पाण्याखालून कुणी वाफे उघडतंय तसे.
दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.
घरी येऊन पहिलं वाक्य: भिंत कधी रंगवलीस?
दुसरं: तू.
आणि गप्प.

महिनाभर डोक्यावरून पाणी नाही, ओझं नाही, दिवसातून चारदा थेंब.
मेच्या शेवटी, पुरुमेताचं गिऱ्हाईक येऊन गेल्यावर,
आगरात गेले.
झापाखाली मस्तप्पानं काढलेला ढीग अजून होता.
मूठ उचलली. डावा डोळा झाकला.
मळकं.
उजवा झाकला.
मग पुन्हा डावा. पुन्हा उजवा.
मी बांधावर थांबले, हाक मारली नाही.
ती मूठ त्यांनी परत टाकली नाही, सदऱ्याच्या खिशात घातली.

संध्याकाळी फोन. नंबर मी लावून दिला,
जवळचा चष्मा सापडत नव्हता.
अंकोल्याला रिंग गेली, गेली.
त्याच्या बायकोनं उचलला. कन्नडात बरंच काही, मग, इल्ल.
घरी नाही की येणार नाही, कळलं नाही.
फोन ठेवला गेला तरी हे कानाला धरून होते.

उजव्या डोळ्याची तारीख जूनमधली, कार्डावर आहे.
म्हणाले, तो जरा राहू दे.