दोन ढेकळं

हौसाबाई झांबरे मांजरीहून बसनं आल्या,
मांडीवर दोन पुडांचा डबा.
वरच्या पुडात नदीकडचं ढेकूळ, खालच्यात गोठ्यामागचं.
"पोळ्या नाहीत हो," म्हणाल्या, "रान आहे."

मी नियम सांगितला. नमुना असा आणत नसतात.
आठ-दहा जागी वीतभर खणायचं, माती मिसळायची,
सावलीत वाळवायची, चार भाग करून
समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे...
त्या ऐकत होत्या,
नव्या सुनेची भाजीची कृती ऐकावी तशा.

मग काचेच्या दोन पेल्यांत पाणी घेतलं.

नदीकडचं ढेकूळ क्षणभर उभं राहिलं.
बरगडीतून बुडबुडे सुटले,
एक कड ढासळली, मग सगळंच खाली बसलं,
जसं कुणी खुर्ची काढून घ्यावी.
दुसरं नुसतं भिजलं.
कडेचे चार कण सुटले असतील, एवढंच.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "तिथं आम्ही पाण्याला कधी नको म्हटलं नाही.
सगळ्या पुण्यानं अंगावरून घेतलेलं पाणी,
रात्री-बेरात्री पाटाला यायचं, दारं धरायचो.
युरियाची पोती तर बांधावरच फोडायची.
ऊस असा, की आत शिरलेला माणूस हाकेनं शोधावा लागे.
खताला कशाला नावं ठेवू?
त्यानं पाचटही ढीगभर दिलं.
काडी आम्ही लावली."

आता सरीत पांढरं फुटतं,
कुदळ मारली तर वाजते.
चोपण. हा शब्द त्यांनीच उच्चारला,
घरातल्या दुखण्याचं नाव घ्यावं तसा, हळू.

दुपारी चंचुपात्रात निळं-जांभळं द्रावण
एका थेंबासरशी हिरवं झालं.
इतकी वर्षं हेच करतोय,
तरी त्या थेंबाला श्वास धरतो.
गोठ्यामागचं: एक पूर्णांक शून्य आठ.
नदीकडचं: शून्य पूर्णांक एकतीस.

"हे टक्के कशाचे?"
सेंद्रिय कर्बाचे, म्हणालो. मग सोपं करून सांगितलं:
मुळ्या, शेण, किडेमुंग्या...
जे जे मेलं आणि रानातच राहिलं, त्याचे.
"म्हणजे आमच्यात कुणी राहिलंच नाही की."
त्या हसल्या. मला जमलं नाही.

धाकटा म्हणतो, विकून टाकू,
इमारतीला ढेकूळ कसं का असेना.
"त्याला म्हटलं, दोन वर्षं थांब.
औंदा पाणी तोडते, चर खणते, ताग पेरून गाडते.
माघात मेंढरं बसवायची, धनगराशी बोलणं झालंय."

दोन वर्षांत आकडा फारसा हलत नाही.
हे मला ठाऊक होतं.
मी कागदावर जिप्समचं प्रमाण लिहून दिलं.

जाताना दुसऱ्या पेल्यातलं ढेकूळ
त्यांनी बोटांनी अलगद उचललं, डब्यात ठेवलं,
झाकण लावलं.

पहिला पेला टेबलावर राहिला.
सकाळी येऊन पाहिलं,
रात्रभरात काहीच तळाला गेलं नव्हतं.
शिपाई म्हणाला, ओतू का?
म्हटलं, राहू दे.