सुट्या कांबी

साडेपाचला भद्रकालीतून चालत निघालो, उपाशीपोटी.
बसलो की लाकूड होतं माझं,
चाललो की जरा माणूस होतो,
म्हणून रिक्षा केली नाही.
गंगेवरून वारा येत होता,
कॉलरीतून शिरून एकेक मणका मोजत होता.

तीन वर्षांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी
फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले,
हे बघा, याला आम्ही बांबू स्पाइन म्हणतो.
मी हसलो. त्यांना वाटलं, घाबरलो.
साहेब, मी बुरूड.
आजा-पणज्यापासून बांबू फोडतो आम्ही,
आणि बांबू असा नसतो.
हिरवा बांबू गुडघ्यावर दाबा, कमान होते,
पेरं आपापल्या जागी राहून वाकतात.
तुमच्या फोटोत पेरंच बुजलीत.
नाव बदला, म्हणणार होतो.
फी दिली आणि उतरलो जिना, कठडा धरून.

आज रक्त द्यायचं होतं, संशोधनाला.
मैथिली चांदवडकर म्हणून पोरगी,
माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल.
पाठीवर पेनानं दोन खुणा केल्या तिनं,
म्हणाली, वाका, गुडघे ताठ ठेवून.
टेप लावली.
दहाचे पंधरा व्हायला हवेत, म्हणाली.
माझे झाले साडेअकरा.
मग दंडाला रबर, मग सुई,
मग ती लाल नळी बर्फाच्या डब्यात,
कुल्फीसारखी.

काय शोधणार यात?
अमिनो आम्लं, म्हणाली. शरीर प्रथिनं विणतं ना,
त्याच्या सुट्या कड्या रक्तात फिरत असतात.
विणतं म्हणालात तर कड्या नका म्हणू,
कांबी म्हणा.
ती थांबली. बरं, कांबी.
मग नावं सांगितली: ट्रिप्टोफॅन, हिस्टिडिन, व्हॅलिन,
आणखी सतरा-अठरा,
लग्नाला बोलावून न आलेल्या पाहुण्यांसारखी.

कमी निघाल्या तर? अंडी खाऊ?
इतकं सोपं असतं तर.
कमी आहे म्हणून सूज,
की सुजेनं खाल्लं म्हणून कमी,
तेच तर अजून ठाऊक नाही, म्हणाली.
मला ती तिथं आवडली.
ठाऊक नाही असं म्हणणारं
त्या इमारतीत पहिलंच माणूस भेटलं.

आमच्याकडे फुटकी टोपली दुरुस्तीला येते
तेव्हा तुटलेली कांब बोटांत धरली की कळतं,
उंदरानं कुरतडली, की ओझ्यानं गेली,
की विणणाऱ्यानंच ओली असताना घाई केली.
रक्तातल्या कांबीला बोट कसं लावायचं?

डब्यात माझ्या नळीशेजारी आणखी एक नळी होती.
निरोगी, म्हणाली. तुलनेसाठी.
नाव नाही, नुसता आकडा.
कोण असेल?
रात्री पालथा झोपत असेल बिनधास्त,
मागून हाक आली तर
नुसती मान वळवत असेल.
मला तर अख्खा मी वळवावा लागतो.
दोघांचं रक्त मात्र रंगानं सारखं.
बुरूडगल्लीत असला तरी ओळखणार नाही मी त्याला.

महिन्यानं मोबाइलवर कागद आला.
काही आकड्यांपुढे खाली बाण, दोनांपुढे वर.
खाली लिहिलं होतं, केवळ अभ्यासासाठी,
यावरून उपचार ठरवू नयेत.
आईला दाखवला. तिनं चष्मा लावून बाण पाहिले
आणि विचारलं, मग गोळ्या त्याच का?
त्याच.

तीन वाजता जाग येतेच.
कंबरेत कुणीतरी कोयता ठेवून विसरून गेल्यासारखं.
उठतो, दुकानात येरझाऱ्या घालतो,
सुपं, दुरड्या, रोवळ्या, भिंतीला टेकलेले बांबू.
आई म्हणते, तू जागा असतोस म्हणून तर धंदा आहे.
खरंय. आमचं ते गिऱ्हाईक दिवस बघून येत नाही.
आज कडी वाजली ती सव्वातीनला.
दोन पोरं, एकाच्या पायात चप्पल नाही.
दोन लांब, हिरवे. आडव्या कांबी. सुतळी.
कोण गेलं ते मी विचारत नाही.

खालचे बांबू जास्त ओले असतात.
वाकतो.
दहाचे साडेअकरा.
तेवढ्यात हाताला लागतो बांबू.