कितवा थर

आबेरिस्टविथला एप्रिलमध्ये ऊन पडतं,
पण ते शब्दाला जागेलच असं नाही.
तर माबलीला काय घालू?
सासूबाई फोनवर : लोकरी टोपी, वरून शाल.
सुईण म्हणाली होती : तुझं अंग हाच एक थर समज,
झोळीचं कापड दुसरा.
मी बोटांवर मोजलं.
सुती झबलं, विजार. बस्स.
आणि मोजे, कारण झोळीत बसली की
विजार चढते वर, पोटऱ्या उघड्या पडतात,
फुगत ठेवलेल्या कणकेसारख्या.

समुद्राकाठी दर दहा पावलांनी
तिच्या मानेमागे दोन बोटं घालून पाहतो.
कोमट. अजून कोमट.
आता जरा ओलसर,
पण हा घाम तिचा की माझा
हे आमच्या दोघांत ठरत नाही.

टेकडीखाली रस्ता संपतो,
तिथल्या कठड्याला लाथ मारून परतायचं, ही गावची रीत.
का, ते ज्याला त्याला वेगळं ठाऊक.
मी मारली.
मग जवळ सरकून तिचाही पाय टेकवला,
तेव्हा दिसलं : एक मोजा गेला.

ग्वेन सहाला कामावरून येईल.
मोजे तिनेच विणलेले.

वारा सुटलाय. उघडं पाऊल
मुठीत धरून चालतोय.
मूठ हा कितवा थर,
सुईणीला विचारायचं राहिलं.